एकाच क्रियापदाचे सर

इंग्रजीचे निवृत्त सर मराठवाड्यात गावोगावी असतात. कुणी टेन्सवर जगतो, कुणी लग्नपत्रिकेतल्या स्पेलिंगवर तुटून पडतो. वेरूळच्या सरांचा सगळा संसार एका क्रियापदावर चालतो: 'एक्सकॅव्हेट'.

वेरूळला कुणाकडे पाहुणे म्हणून गेलात की सर तुमच्याबरोबर लेण्यांत येणारच. ते गाईड नाहीत, पैसे घेत नाहीत. त्यामुळे त्यांना थांबवायला काही उपायही नसतो. सोळा नंबरच्या, म्हणजे कैलासाच्या अंगणात पोचल्यावर एखादी मावशी हात जोडून म्हणते, "काय बांधलंय हो!" सर याच वाक्यासाठी टपलेले असतात.

"बांधलं? वीट दाखवा. चुना दाखवा. सांधा दाखवा!"

मावशी खरंच सांधा शोधू लागतात.

"बिल्ट नव्हे, एक्सकॅव्हेटेड! लॅटिनमध्ये 'काव्हुस' म्हणजे पोकळ, 'एक्स' म्हणजे बाहेर. आतलं बाहेर काढायचं आणि पोकळ करायचं. 'केव्ह' त्याच घराण्यातली, आणि तुमच्या दाढेतली कॅव्हिटीसुद्धा."

मावशींचा हात गालावर जातो.

व्युत्पत्ती झाली की वाक्यात उपयोग. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हा बसाल्टचा डोंगर वरून खाली फोडत आणला. शिखर आधी, पाया शेवटी. इथे सर 'कथाकल्पतरू'तली कोकसाची गोष्ट काढतात. राणीनं नवस केला होता की देवळाचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. बाकीच्या कारागिरांनी हात टेकले. पैठणच्या कोकसानं कामाला शिखरापासूनच सुरुवात केली आणि राणी आठवड्याभरात जेवली. "बिल्ट असतं तर गेली असती बिचारी," सर म्हणतात. "क्रियापदानं वाचवली!"

कुणी कंटाळून घड्याळ पाहिलं, तर त्यालाच हाताला धरून अकरा नंबरला नेतात. या लेण्याचं नाव 'दोन ताल', म्हणजे दुमजली. प्रत्यक्षात मजले तीन. तळमजला मातीत गाडला गेला होता, तो 1876 साली सापडला. नाव मात्र बदललं नाही. "कातळ पोकळ करणं तेही एक्सकॅव्हेट, गाडलेलं उकरून काढणं तेही एक्सकॅव्हेट. या एका लेण्याला क्रियापद दोनदा लागलंय!" हे सांगताना सरांचा आवाज असा चढतो की वाटावं, माती त्यांनीच उपसली.

व्याकरणाचा कळस पुढेच आहे. राष्ट्रकूटांचा एक ताम्रपट बडोद्यात सापडला. त्यात म्हटलंय की हे देऊळ पाहून देव थक्क झाले, आणि ते घडवणारा शिल्पीही 'हे मी केलं तरी कसं' म्हणून चकित झाला. सर बोट वर करतात. "म्हणून पॅसिव्ह व्हॉइस! 'वॉज एक्सकॅव्हेटेड'. करणाऱ्यालाच पत्ता नाही, कर्ता कुठून लिहिणार?" एवढ्या विनोदावर मी तरी त्यांना पैकीच्या पैकी मार्क देतो.

अशा या सरांना हरवलं ते आमच्या गाडीच्या ड्रायव्हरनं. परत जाताना रस्त्याच्या कामावर एक पिवळं धूड डोंगर ओरबाडत होतं. सर लगेच सरसावले, "ते बघा, एक्सकॅव्हेटर! त्याच धातूचं नाम!"

"पोकलेन हाय ते, सर," ड्रायव्हर म्हणाला. "पोकळ करतंय म्हणून पोकलेन."

पोक्लें ही अशी यंत्रं बनवणारी फ्रेंच कंपनी, आणि तिच्या नावावरून आपल्याकडे सगळ्याच खोदयंत्रांना पोकलेन म्हणू लागले, हे सरांना पक्कं ठाऊक. ते सांगायला त्यांनी तोंडही उघडलं, पण मागच्या सीटवरून मावशी म्हणाल्या, "हे बरं लक्षात राहील." सर गप्प बसले. ड्रायव्हरची व्युत्पत्ती सपशेल चूक आहे, आणि सरांच्या व्युत्पत्तीपेक्षा मुरेल मात्र तीच.

लेणी मंगळवारी बंद असतात. बाकी सहा दिवसांत कधीही जा, सर भेटतीलच. घरून जेवून निघा.