कामठीच्या बाळंतिणींनी पुन्हा धावायला लागण्याची नियमावली

आधी पात्रता तपासून घेऊ. अर्जदार बाई असावी, तिला बाळ झालेलं असावं, आणि कामठीहून नागपूरला जायचे पंधरा-सोळा किलोमीटर बसमध्ये न बसताही कापता येतात, असं बाळ होण्याआधी तिचं प्रामाणिक मत असावं. पुरावा म्हणून जुन्या शर्यतींची मेडलं चालतील. ती शोकेसमध्ये शोधू नयेत. पाळण्याच्या दांडीला पाहावं. वाजतात म्हणून खुळखुळ्याच्या जागी बांधलेली असतात. ज्या टी-शर्टवर ‘फिनिशर’ असं छापलं होतं, त्याने सध्या ओटा पुसला जातो.

पात्रता झाली की मुहूर्त. बहुतेक जणी इथेच चुकतात. धावण्याचा विचार त्या बाळ झाल्यावर करतात; तो किमान नऊ महिने आधी करायला हवा. टॉम गूम, ग्रॉनिया डॉनेली आणि एमा ब्रॉकवेल या तीन फिजिओथेरपिस्टांनी 2019 मध्ये ब्रिटनमध्ये एक मार्गदर्शिका काढली. बाळंतपणानंतर बारा आठवडे व्हायच्या आत धावायला लागू नये, आणि बारा आठवडे झाले एवढ्याच कारणाने लागूही नये, असं त्यांचं म्हणणं. ब्रिटनमध्ये हे ठीक आहे. कामठीत 2 मार्चला बाळ झालं तर बारा आठवडे बरोबर 25 मे रोजी पुरे होतात, आणि त्याच दिवशी नवतपा लागतो. पारा 45 च्या घरात, पहाटे पाचला घराच्या भिंती अजून कालच्याच उन्हाने तापलेल्या. तेव्हा बाळ ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावं, अशी आमची शिफारस आहे. बारा आठवडे होईस्तोवर दिवाळीची धांदल आटोपत आलेली असते, थंडी पडू लागते आणि विदर्भातला धावण्याजोगा एकमेव ऋतू पुरता हाती येतो. त्यासाठी काय करावं लागतं हा विषय नियमावलीच्या कक्षेबाहेरचा आहे. तुळशीचं लग्न लागल्याबरोबर ज्यांनी आपलं उरकलं, त्यांना पहिल्याच वर्षी हे आपोआप साधल्याचं दिसतं.

ज्यांचं बाळ मार्चमध्येच होऊन गेलं आहे, त्यांनी कूलरसमोर बसून पुढचं वाचावं.

बाराव्या दिवसाबद्दल एक सूचना. आपल्याकडे त्या दिवशी बारसं असतं, घुगऱ्या वाटतात, आत्याबाई बाळाच्या कानात कुर्र करतात. पॉला रॅडक्लिफ या इंग्लंडच्या मॅरेथॉनपटूला जानेवारी 2007 मध्ये मुलगी झाली आणि बाराव्या दिवशी ती धावायला गेली. पाठीच्या तळाच्या हाडाला चीर पडून तिला पुढे बरेच दिवस गप्प बसावं लागलं. त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला तिने न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली आणि मुलीला कडेवर घेऊन फोटो काढले. घरात दोन्ही गोष्टी सांगाव्यात. नवरा नोव्हेंबरचीच लक्षात ठेवतो आणि सासूबाई जानेवारीची.

आता काकू. प्रत्येक गल्लीला एक काकू नेमून दिलेल्या असतात आणि त्या पहाटे अंगणात सडा टाकत असतात. तुम्ही बुटांची नाडी बांधताना दिसलात की त्या म्हणतील, “अवं बाई, पोट्टं झाल्यावर कोणी धावते का? अंग बाहेर येईन ना!” काकू शेजारच्या असल्या तरी हे मत आंतरराष्ट्रीय आहे. 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा 800 मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली पडल्या. पुरुष पडले की त्याला झुंज म्हणतात. बायका पडल्यावर शर्यतच बंद करण्यात आली. 1960 पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी 200 मीटरहून लांब शर्यत नव्हती आणि मॅरेथॉन यायला 1984 उजाडलं. मधल्या काळात कॅथरीन स्वित्झर 1967 मध्ये बोस्टनची मॅरेथॉन धावली, तेव्हा एका पदाधिकाऱ्याने भर रस्त्यात तिचा नंबर ओढून काढायचा प्रयत्न केला. इतकं धावल्याने गर्भाशय निसटून पडेल, असं त्या काळी अमेरिकेतल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही वाटत होतं. म्हणून काकूंना अडाणी समजू नये. ऑलिंपिकवाल्यांचं आणि त्यांचं बत्तीस वर्षं एकमत होतं. ऑलिंपिकवाल्यांनी नंतर बदललं, एवढंच.

शिवाय काकू निम्म्या बरोबर आहेत, आणि हे कबूल करताना आम्हाला त्रास होतो. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय या सगळ्यांना खालून तोलून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नऊ महिन्यांच्या भाराने आणि प्रसूतीच्या ताणाने सैल पडतात. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा दणका बसतो, तो या सैल झोळीवर. खोकताना, शिंकताना, उडी मारताना लघवीचे थेंब जाणं, खाली काहीतरी जड लोंबतंय असं वाटणं, पोटाच्या मधोमध फट राहून उठताना तिथे उंचवटा दिसणं, ही सगळी थांबण्याची चिन्हं आहेत. सिझर झालेल्यांनीही सुटलो असं मानू नये. भार त्यांच्याही स्नायूंनी तेवढेच महिने वाहिलेला असतो, वर पोटाला टाके. दवाखान्यात टाके बघतात, बाळाचं वजन करतात, लशींचा तक्ता हातात देतात. शिंकल्यावर काय होतं, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणजे पृथ्वीतलावर त्या जागेची काळजी करणाऱ्या काकूच तेवढ्या, आणि त्यांनी काढलेला उपाय म्हणजे घरी बसा.

खरा उपाय आवळण्याचा आहे. लघवी आणि वारा एकदमच अडवायचा आहे अशा बेताने ते स्नायू आत-वर ओढायचे, काही सेकंद धरायचे, पूर्ण सोडायचे. श्वास रोखायचा नाही. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी आठ-दहा. आमच्या माहितीत हा एकमेव व्यायाम आहे ज्याला कोणाची परवानगी लागत नाही, कारण तो चाललेला कोणाला कळत नाही. हळदी-कुंकवात, सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायात, सासरच्या माणसांसमोर डोक्यावर पदर घेऊनसुद्धा तो करता येतो. चेहरा तेवढा भाविक ठेवावा.

बारा आठवड्यांनंतर प्रवेशपरीक्षा. मार्गदर्शिकेतल्या चाचण्या अशा: अर्धा तास चालणं, प्रत्येक पायावर दहा सेकंद उभं राहणं, एकेका पायावर दहा बैठका, जागच्या जागी मिनिटभर जॉगिंग, पुढे दहा उड्या, मग एकेका पायावर दहा लंगडी-उड्या. हे सगळं न दुखता, न गळता आणि खाली जड न वाटता जमलं तर पास. परीक्षा स्वयंपाकघरात घ्यावी, कारण एकटं उभं राहायला मिळेल अशी घरात दुसरी जागा नाही. एका पायावर उभ्या असताना सासरे चहा मागायला आले, तर हे व्रत आहे असं सांगावं. ते निमूट परत जातात आणि पुढच्या वर्षी उद्यापन कधी म्हणून विचारतात.

एक वस्तुस्थिती इथे नमूद करणं आम्हाला भाग आहे. ज्या घरात धावायला वर्षभर बंदी असते, त्याच घरात दीड महिन्याच्या बाळंतिणीने कूलरमध्ये पाणी भरलेलं चालतं. भरलेली बादली पंधरा किलोच्या आसपास जाते, आणि मे महिन्यात एक कूलर दिवसाला किती बादल्या पितो हे वाळ्याच्या ताट्यांनाच माहीत. तेव्हा कोणाला तिच्या अंगाची आठवण येत नाही. गव्हाचं पोतं सरकवताना येत नाही, लग्नाच्या पंगतीत वाढताना येत नाही. यावर संताप करून घेऊ नये; त्याने दूध कमी येतं असं सांगायला कोणीतरी टपलेलंच असतं. उलट हा नियम वापरून घ्यावा. हातात पिशवी असली की धावणारी बाई घाईत असते. पिशवी नसली की ती धावत असते. म्हणून कापडी पिशवी घेऊनच निघावं. पिशवीवाल्या बाईला गोयल टॉकीजपासून स्टेशनपर्यंत कोणी अडवत नाही, फार तर “गाडी सुटून रायली का?” असं विचारतात.

पोशाखावर फार शब्द खर्च करणार नाही. साठी ओलांडलेल्या लता भगवान करे बारामतीत नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर 2020 मध्ये चित्रपटही आला. तेव्हा कपड्यांवरून वाद घालणाऱ्यांना त्यांचं नाव सांगून मोकळं व्हावं. बूट मात्र नवे घ्यावेत. गरोदरपणात पावलाची कमान उतरून पाऊल लांबतं, आणि ते बऱ्याचदा तसंच राहतं. जुने बूट चावायला लागले म्हणजे आपण जाड झालो असं नव्हे.

दुधाबद्दल काकूंची दोन मतं आहेत: धावल्याने दूध आटतं, आणि न आटलं तर आंबतं. फार जोरात व्यायाम केल्यावर दुधातलं लॅक्टिक आम्ल थोडं वाढतं हे खरं, पण बेताच्या व्यायामाने दूध कमी होत नाही आणि बाळाच्या वाढीतही फरक पडत नाही. निघण्याआधी पाजून निघावं. बाळाचं पोट भरतं आणि धावताना छातीवर दोन भरल्या कळशा वाहाव्या लागत नाहीत. आयसीएमआरच्या हिशेबाने अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज 600 किलोकॅलरी जास्तीच्या लागतात. धावण्याचं त्याहून वेगळं. शहरातले धावपटू यासाठी परदेशी जेलच्या पुड्या चोखतात. तुमच्या घरी डिंकाचे, मेथीचे आणि हळिवाचे लाडू डबे भरून पडलेले आहेत. सासूबाईंनी ते खाटेवर पडून खाण्यासाठी केले होते, हा तपशील डब्यावर लिहिलेला नसतो. इंग्लंडात जन्मलेली जॅस्मिन पॅरिस जानेवारी 2019 मध्ये 268 मैलांची स्पाइन रेस धावत असताना थांब्याथांब्यावर चौदा महिन्यांच्या मुलीसाठी दूध काढून ठेवत होती, आणि 83 तास 12 मिनिटांत सगळ्या पुरुषांच्या आधी पोचली. ही गोष्ट काकूंना सांगू नये. त्या एवढंच विचारतील की तिच्या सासूने पोरीला सोडून जाऊ कसं दिलं.

बाळ कोणाकडे ठेवायचं, हे या नियमावलीतलं सर्वांत अवघड कलम. नवरा म्हणतो, “तू जा ना, मी आहो ना.” हे वाक्य रात्री दहाला उच्चारलेलं असून त्याची मुदत पहाटे पाचला संपते. त्याला उठवण्यासाठी गजर लावू नये. गजराने बाळ उठतं, तो नाही. बाळ त्याच्या छातीवर ठेवावं आणि बाहेर पडावं. पाऊण तासाने परतल्यावर तो “मी सांभाळलं” असं सांगेल. उरलेले सव्वातेवीस तास बाळ आपोआप सांभाळलं जातं असं त्याला खरोखरच वाटतं, तेव्हा त्याला आभाराचा एक शब्द द्यावा. कलम लिहिताना आम्ही इथे बराच वेळ थांबलो आणि त्याहून चांगलं काही सुचलं नाही.

राहिला मार्ग. कोळशाच्या ट्रकांचा महामार्ग टाळावा. ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिराच्या बाजूला पहाटे शांतता असते. तिथे ध्यान करावं अशी अपेक्षा आहे, पण झोप न झालेल्या आईने डोळे मिटू नयेत, सापडायची नाही. सगळ्यांत बरे छावणीतले रस्ते. ही छावणी इंग्रजांनी 1821 मध्ये वसवली आणि पलटणींना चालता यावं म्हणून रस्ते ऐसपैस ठेवले. ओळखपत्र पिशवीत असू द्यावं. मिनिटभर धावणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं. पहिले काही आठवडे यापुढे जाऊ नये. लष्कराच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र इथेच असल्याने रंगरूटांची तुकडी पाठीमागून येऊन तुम्हाला टाकून पुढे जाईल. तिच्यामागे लागू नये. ती पोरं रात्रभर झोपलेली असतात.

वेगाचं प्रमाण सगळीकडे एकच सांगतात: शेजारच्याशी धाप न लागता बोलता आलं पाहिजे, इतकंच जोरात धावावं. हा नियम मोडायचा प्रसंग एकच. तीन-चार महिने गेले, पोट आत गेलं, चेहऱ्यावर रंग आला की काकू सडा टाकता टाकता हात थांबवून तुमच्याकडे कौतुकाने पाहतील आणि म्हणतील, “चांगली झाली वं तू आता. मंग, दुसऱ्याचं काय ठरवलं?” गार्ड्सचं ब्रीद आहे ‘पहला हमेशा पहला’. ते मोठ्याने म्हणावं, आणि बोलता येणार नाही इतका वेग वाढवावा.