आत्याबाईंनी लावलेला अर्थ

बाळाचं नाव ठेवायचा हक्क आत्याचा. एरवी आत्याला कोण विचारतो? भाषेनं तिला दिल्यात त्या फक्त मिश्या, आणि त्याही 'असत्या तर'. त्यामुळे २०२४ च्या पावसाळ्यात धाकट्या भावाला मुलगी झाली, तेव्हा हिंगोलीतल्या आमच्या घरात पेढ्यांच्या आधी मी शब्दकोश बाहेर काढला.

मी शाळेत मराठी शिकवते. दुसऱ्यांच्या लेकरांची नावं हजेरीत वाचण्यात अर्धं आयुष्य गेलं. एका वर्गात चार आरोही. हाक मारली की चौघी उठतात, रागावलं की एकही नाही. माझ्या भाचीला हाक मारताना आडनावाचा टेकू लागू नये, एवढाच माझा पण होता.

पहिली अडचण पंचांगानं काढली. गुरुजींनी जन्मवेळ लिहून घेतली, बोटांची पेरं मोजली आणि म्हणाले, "आर्द्रा नक्षत्र, तिसरं चरण. अक्षर आलंय ङ."

"कोणतं?" भाऊ म्हणाला.

"ङ. क ख ग घ मधला शेवटचा."

भावानं माझ्याकडे पाहिलं. शेवटी मराठीची बाई घरातलीच होती. हे अक्षर मी दर जूनमध्ये फळ्यावर काढते. दर जूनमध्ये कुणीतरी पोरगं विचारतं, "बाई, ह्याच्यापासून शब्द सांगा ना," आणि मी घंटेची वाट बघते. वाङ्मयात तो आहे, पण मधे दडून. नावाच्या सुरुवातीला यायला तो आजवर कुणाला तयार झालेला नाही. आर्द्रेची चार अक्षरं कू, घ, ङ आणि छ. त्यांतून मुलगी म्हणजे छकुली नाहीतर घनश्यामा. शेवटी गुरुजींनीच सूट दिली, "मिथुन रास आहे, नुसत्या 'क'वर ठेवा."

वहिनीनं माहेरहून फोनवर 'दुर्मीळ नावं' धाडली. त्या यादीतली निम्मी नावं माझ्या हजेरीपटावर होती आणि उरलेली कोणत्या भाषेतली, ते यादी करणाऱ्यालाच ठाऊक. अर्थ मात्र दोनच. नाव काहीही असो, एक तर 'देवाची देणगी', नाहीतर 'सूर्याचा पहिला किरण'. इतके पहिले किरण आले तर सूर्याला दुपारपर्यंत पुरायचं काय?

मला नाव सापडलं ते दवाखान्यातून परत येताना, पुलावर. खाली कयाधू वाहत होती. वाशिम जिल्ह्यातून येणारी, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी असे आमचे तालुके ओलांडून पैनगंगेला मिळणारी आमची घरची नदी. गोदावरी, कृष्णा, यमुना, नर्मदा नावाची एकेक म्हातारी आमच्या प्रत्येक गल्लीत असायची. शरयू आणि इंद्रायणी लांबून येऊन बारशी साजरी करून गेल्या. पण कयाधूच्या काठावर जन्म काढलेल्या माणसांनी लेकीला कयाधू म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही, ते नावांनाही लागू असावं. 'क'नं सुरू होणारं, गावचं आणि हजेरीत एकटं! घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात दोन सत्कार स्वीकारले होते.

आईनं नाव ऐकलं आणि हातातली परात खाली ठेवली.

"हिरण्यकशिपूची बायको ती. राक्षसाच्या घरचं नाव कामून ठेवायलीस? देवाच्या नावाला दुष्काळ पडलाय का?"

आई दर एकादशीला नर्सीला जाते, त्यामुळे पुराणात तिला फसवता येत नाही. पण मीही तयारीनं आले होते. म्हटलं, आई, ती प्रह्लादाची माय. हिरण्यकशिपू तपाला गेलेला असताना इंद्र तिला पळवून न्यायला लागला. ती तेव्हा पोटुशी. नारदानं तिला सोडवलं, आपल्या आश्रमात ठेवलं, उपदेश केला, आणि तो पोटातल्या प्रह्लादानं ऐकला. भागवताच्या सातव्या स्कंधात आहे सगळं.

"आन् तिनं?"

इथं माझी पंचाईत झाली. भागवतात प्रह्लाद स्वतःच सांगतो, की फार काळ लोटल्यामुळे आई तो उपदेश विसरून गेली, माझ्या मात्र ध्यानात राहिला. खोटं बोलता येईना. मी ते पुटपुटले.

"म्हंजे विसरभोळी बी होती," आई म्हणाली.

मग मी हुकमाचा पत्ता टाकला. तैत्तिरीय ब्राह्मणात प्रह्लादाला 'कायाधव' म्हटलंय. कायाधव म्हणजे कयाधूचा. बापाचं नाव नाही, आईचं लावलंय! आपल्या सरकारला ही बुद्धी आत्ता सुचली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लावायचं ठरलं. प्रह्लाद त्याच्या किती शतकं आधी लावून बसला होता. हे सांगताना माझा आवाज थोडा वर्गातल्यासारखा झाला असावा, कारण भाऊ जांभई देत उठून गेला.

आई शांतपणे म्हणाली, "आपल्या मातीतलीच पाहिजेत ना नावं? नामदेव म्हाराजांच्या सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. त्यातलं साखराई ठेव. तोंड गोड व्हतं."

खरं सांगते, साखराई हे नाव माझ्या नावापेक्षा शंभर पटींनी चांगलं होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं. पण ते मला सुचलेलं नव्हतं. औंढ्याला नामदेवांच्या कीर्तनासाठी अख्खं नागनाथाचं देऊळ फिरलं म्हणतात. एका शब्दासाठी मी जागची हलले नाही.

"बरं बाई, हक्क तुझा," आई परात उचलत म्हणाली, "आन् पाठ बी तुझीच."

पाठीचा अर्थ बाराव्या दिवशी उमगला. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या. वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून इकडून तिकडे फिरवला. मी बाळाच्या कानाशी वाकले, 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं. त्याच क्षणी रिवाजाप्रमाणे चाळीस बायकांचे बुक्के माझ्या पाठीवर पडले. त्यांत दोन-तीन बुक्के रिवाजाच्या मानानं जास्त कळकळीचे होते. आई माझ्या मागेच उभी होती, एवढंच सांगते.

"काय ठेवलं, काय ठेवलं?"

"कयाधू."

शांतता. मग वहिनीच्या पुण्याच्या मावशींनी चष्मा सावरला. "छान आहे. अर्थ काय हो?"

"आमच्या नदीचं नाव आहे."

"ते कळलं. पण नदीच्या नावाचा अर्थ?"

खरं उत्तर माझ्याजवळ होतं. ते एका दानवीचं नाव आहे, जम्भाची लेक, हिरण्यकशिपूची बायको, प्रह्लादाची आई, बस्स. पण बारशाच्या पाळण्याशेजारी उभं राहून 'दानवी' म्हणायची छाती होईना. त्यात आई माझ्याकडे 'सांग की आता' अशा नजरेनं बघत होती. चाळीस बायका घुगऱ्या चघळायच्या थांबल्या. आणि मी, इतकी वर्षं पोरांना 'माहीत नसेल तर थापा लिहू नका' असं बजावणारी बाई, तोंड उघडून म्हणाले,

"काया म्हणजे शरीर. धू म्हणजे धुणारी. काया धुणारी, पवित्र करणारी ती कयाधू."

हे उत्तर कुणा पोरानं पेपरात लिहिलं असतं तर मी लाल शाईनं खोडून शेजारी 'कल्पनाविलास' लिहिलं असतं. कायेचा 'का' दीर्घ, कयाधूचा 'क' ऱ्हस्व; माझी व्युत्पत्ती पहिल्याच अक्षराला पाय घसरून पडत होती.

मावशींनी विचार केला. "म्हणजे आंघोळ?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बरं झालं, दात घासणारी नाही ठेवलं."

बुक्क्यांची दुसरी फेरी रिवाजात नव्हती.

पुढचा घोळही माझाच. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. नाव मागाहून भरायला वर्षभर मोकळीक असते, त्यानंतरही विलंब शुल्क देऊन १५ वर्षांपर्यंत भरता येतं. कायदा इतका सबुरीचा असताना मी तेराव्या दिवशीच अर्ज लिहिला, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात. दाखला आला. त्यावर नाव होतं 'कयाघू'.

'ध' आणि 'घ' यांतला फरक शिकवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. मी तावातावानं अर्जाची प्रत काढली. माझ्या 'ध'ची गाठ सुटलेली होती आणि डोक्यावरची रेघ सरळ पलीकडे गेली होती. घ, बिनतोड घ. गुरुजींना तेवढंच निमित्त झालं. "बघा," ते म्हणाले, "आर्द्रेचा घ आलाच की नाही?"

दुरुस्ती झाली. मग इंग्रजीची पाळी. इंग्रजीत द आणि ड एका खाटेवर झोपतात, ध आणि ढ दुसऱ्या. त्यामुळे लसीकरणाला नंबर आला की आतून पुकारा व्हायचा, "कायाढू! कायाढू कोणाची?" पंचवीस ढ पोरं पुढच्या वर्गात ढकलल्याचा अभिमान बाळगणाऱ्या बाईच्या भाचीच्या नावातच ढ निघाला.

पुढच्या वैशाखात हौसेनं तिला नर्सीला नेलं, म्हटलं नामदेवांचं दर्शन होईल आणि लेकीला तिची नदी दाखवू. नदीत गोटे होते, दोन गाढवं होती आणि एका डबक्यात एक म्हैस काया धूत होती. आई काही बोलली नाही. नुसतं म्हशीला हात जोडून पुढे गेली. घरी ती लेकराला 'साखरी'च म्हणते, आणि लेकरू त्याच नावाला वळून बघतं.

तरी एक समाधान होतं, की गावात दुसरी कयाधू नाही. तेही २०२५ मध्ये गेलं. तमिळमध्ये 'ड्रॅगन' नावाचा सिनेमा चालला, त्यातली पुण्यात वाढलेली नटी कयादू लोहर घरोघरच्या फोनमध्ये नाचू लागली, आणि दोन गल्ल्या सोडून एका बारशाचं बोलावणं आलं. पाळण्यात होती कयादू, बिनकाट्याची. बाळाची आई कौतुकानं म्हणाली, "बाई, तुम्ही पण हिरोईनवरूनच ठेवलं ना? आम्हाला तुमचं बघूनच सुचलं."

मी घसा खाकरला. सातवा स्कंध, तैत्तिरीय ब्राह्मण, पैनगंगा, सगळं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात त्यांच्या आत्याबाई पुढे सरकल्या. पाठीवर आत्ताच बुक्के पडले होते, पदर अजून सावरत होत्या.

"पण पाहुणे अर्थ विचारायलेत हो. काय सांगायचा?"

माझ्या आधी माझ्या मागून आवाज आला. ठाम, आणि जरा अभिमानाचा.

"अंग धुणारी," आई म्हणाली. "आमची पोरगी शाळेत मराठी शिकवती. तिनंच शोधून काढलाय."