सायलेन्सरच्या भोकास अनावृत पत्र

मा. भोक यांस,
मुक्काम सायलेन्सर, तळबाजू.

स. न. वि. वि.

आपल्या आगमनाची वर्दी द्यावी लागत नाही. सकाळी किक बसली की अख्खी आळी उठून बसते. मालक मात्र महिनाभर म्हणत राहतात, "गाडीचा आवाज जरा भारदस्त झालाय." आपली रीतसर दखल घेतली जाते ती चौकात हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला सांगितल्यावर.

आपण एखाद्या स्पीडब्रेकरचे अपत्य आहात, असा प्रवाद आहे. पण आपण बहुधा आतून येता. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होते. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जाते; घर ते भाजीमंडई एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा सायलेन्सर मात्र पुरता तापतच नाही. वाफ आतच थंडावते, धुरातल्या आम्लासह तळाशी साचते आणि पत्रा खात बसते. बाहेर क्रोम चकाकत असतो, आत आपले बारसे उरकलेले असते. कोकणात खारा वारा बाहेरूनही हातभार लावतो.

मग आपले मानपान सुरू होतात. पहिला मान एम-सीलचा. नळाच्या गळतीवर ते रामबाण. पण इंजिनाला लागून असलेला पाइप काहीशे अंश सेल्सिअस तापतो, आणि नळाच्या पुट्टीने तिथे टिकावे ही अपेक्षाच अन्यायाची. पहिल्याच घाटात ती काळी पडते, तडकते आणि मागच्या स्कूटरवाल्याच्या अंगावर उडते.

दुसरा मान थंड पेयाच्या रिकाम्या डब्याचा. हसू नये, हा उपाय बराच बरा आहे. भोवतीचा गंज तारेच्या ब्रशने घासून चकचकीत धातू दिसू द्यावा, उष्णता सोसणारी सायलेन्सर पेस्ट लावावी, डब्याची कापलेली पट्टी भोकाच्या दोन्ही अंगांना पुरून उरेल अशी गुंडाळावी आणि दोन स्टीलच्या क्लिपांनी आवळावी. पेस्ट सुकू द्यावी, मग इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवावे. तेही उघड्यावर, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एवढ्यावर गाडी गॅरेजपर्यंत नक्की जाते. अडचण अशी, की आवाज थांबला की गॅरेजची वाटच विसरली जाते.

वेल्डिंगवाल्याकडे आपला भाव वाढतो. गंजलेला पत्रा कागदाइतका पातळ. एका भोकाला टाका घालताना शेजारी दोन जन्मतात. बॅटरीची वायर न काढता वेल्डिंग केले, तर इंजिनाचा मेंदू, म्हणजे ईसीयूही, बिलात यायचा.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर आपली लीला न्यारीच. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे उगवलात, की बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला पेट्रोल कमी पडतेय असे वाटते आणि ईसीयू ते आणखी ओततो. अॅव्हरेज घसरते, मालक पंपावरच्या पेट्रोलला शिव्या घालतात. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम १९० (२) आहेच: आवाज-धुराच्या मर्यादा ओलांडल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड.

कळावे,
आळीतले झोपमोड झालेले रहिवासी

ता. क. : अनेक सायलेन्सरांच्या बुडाशी एक छोटे, नीट गोल छिद्र असते. ते आपले नातलग नव्हे. साचलेले पाणी निघून जावे म्हणून कंपनीनेच पाडलेले असते. उरलेले एम-सील मालक हमखास तिथेच लावतात.