हलक्या सॅकचे बारामती प्रमेय

हलक्या ट्रेकिंगचे शास्त्र खरोखर वंदनीय आहे. टूथब्रशचा दांडा अर्धा कापून ग्रॅम वाचवायचे आणि सॅकचे 'बेस वेट' काढताना अन्न, पाणी, इंधन धरायचेच नाही. कारण ते वाटेत संपते! पाठीवर दोन लिटर, म्हणजे दोन किलो पाणी डुचमळत असले तरी कागदावर ते शून्य.

अशा सॅकच्या चाचणीला सह्याद्री कशाला? तुकोबांचा पालखीमार्ग आहेच. बारामती, काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. चढ नाही, पण वाट लांब. वारकऱ्यांना मात्र स्पर्धेतून बाद करावे. कित्येकांकडे दांडा कापायला ब्रशच नसतो, मशेरी असते. आणि वळकटी दिंडीच्या ट्रकमध्ये. खांद्यावर उरते ती पताका. तिचे बेस वेट काढण्याची पद्धत अजून ठरलेली नाही.

पाण्याला वजन नसते, ही आनंदवार्ता जिरायती गावांत टँकरवरून हंडे वाहणाऱ्या बायांनाही तातडीने कळवावी. त्यांच्या मानेची दुखणी कागदोपत्री तरी थांबतील.

खरे तर हा नियम सर्वत्र लागू व्हावा. उसातला रस गाळपात संपतोच. तेव्हा साखर कारखान्याच्या काट्यावर रस वगळून नुसत्या चिपाडाचेच वजन धरावे. हा प्रस्ताव एका ऊस उत्पादकाला ऐकवला. त्याने तंबाखू मळता मळता विचारले,

"मंजी, आता ह्ये कायद्यात बसवताय म्हणा की!"