यंदा मात्र नक्की!

ऑक्टोबर लागला की ब्लूमिंग्टनच्या बास्केटबॉलवेड्यांना ‘यंदा आपणच’ असा साक्षात्कार होतो. इथल्या इंडियाना विद्यापीठाने बास्केटबॉलचं शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं ते 1987 साली. अंतिम सामन्यात इंडियानाच्या कीथ स्मार्टने अखेरच्या सेकंदांत चेंडू जाळीत टाकला आणि सिरॅक्यूज एका गुणाने हरलं. ही गोष्ट हे लोक अशी रंगवून सांगतात, जणू पास यांनीच दिला होता. सांगणाऱ्यांतले कित्येक तेव्हा जन्मलेही नव्हते, ते जाऊ द्या.

संघाच्या घरच्या मैदानात, असेंब्ली हॉलमध्ये, विजेतेपदाचे पाच झेंडे लटकतात. सहावा कुठे लावायचा यावर तासन्‌तास खल चालतो. तो आणणार कोण, हे विचारायचं नाही. खेळाडूंना विद्यापीठ बदलू देणाऱ्या ट्रान्सफर पोर्टलच्या कृपेने कालचा लाडका आज परक्या जर्सीत, आणि कालपर्यंत ज्याच्या नावाने बोटं मोडली तो आज ‘आपला पोरगा’. 2021पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावायची मुभा आहे. फुकटात निष्ठा राखायचं काम तेवढं चाहत्याकडे उरलं.

नोव्हेंबरात एखाद्या लिंबूटिंबू संघाला लोळवलं, की मार्चमधल्या 68 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी हॉटेलं शोधणं सुरू. आणि कट्टर प्रतिस्पर्धी पर्ड्यूकडून हरलोच, तर ‘प्रशिक्षक हटवा’ ही मागणी लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या विजारीसोबत आधीच इस्त्री करून ठेवलेली असते.