शिक्का चुकला म्हणून हक्क बुडत नाही

पाचव्या वर्षी गाडीच्या दाराची काच वर-खाली करणारी मोटर जळते. वाढीव वॉरंटी अजून शिल्लक असते, तिचे पैसे गाडी घेतानाच भरलेले असतात. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा माणूस चॅसी नंबर टाकतो, स्क्रीन बघतो आणि म्हणतो, ''तिसऱ्या वर्षाची सर्व्हिस दोन महिने उशिरा झालीय. क्लेम बसणार नाही.''

माझा प्रश्न सरळ आहे. इंजिनातलं तेल दोन महिने उशिरा बदललं, तर दाराची मोटर कशी जळेल?

आधी कंपन्यांची बाजू. वेळच्या वेळी अधिकृत सेंटरमध्ये तपासणी करा, ही अट चुकीची नाही. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना '१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते' असा नियम असतो. निवृत्त माणसं म्हणतात, गाडी वर्षभरात चालली कुठे, सर्व्हिस कशाला? पण तेल उभ्या गाडीतही जुनं होतं. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या झाल्या की इंजिन पुरतं तापत नाही आणि आत धरलेला ओलावा तेलातच राहतो. ब्रेकचं तेल हवेतला दमटपणा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. आंबोलीचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबावा लागला की हे पाय ठेवल्या ठेवल्या कळतं. म्हणून वर्षाची तारीख पाळायचीच. विजेवरच्या गाडीच्या बॅटरीला आता सर्रास ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी मिळते. एवढी जबाबदारी घेणारी कंपनी अधूनमधून गाडी बघायला मागते, यात गैर काहीच नाही.

गैर आहे ती शिक्षा. एक तारीख चुकली की सगळ्या गाडीची वॉरंटी बाद, हा हिशेब कुठल्याच न्यायात बसत नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. त्या आदेशात वॉरंटीबद्दलही स्पष्ट बजावलं होतं: ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं एवढ्यावर सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. प्रकरण पुढे अपिलात गेलं, दंडावरून वाद लांबला. पण त्यातलं तत्त्व कुणालाही पटावं असं आहे: चूक आणि बिघाड यांचा संबंध आधी दाखवा, मग नकार द्या.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ त्याच वाटेने जातो. करार मोडल्यामुळे समोरच्याचं जे नुकसान झालं, त्याच्याशी अजिबात प्रमाणात नसलेला दंड ग्राहकावर लादणं, हे त्या कायद्याने 'अनुचित करारा'च्या व्याख्येत घातलं आहे. दोन महिन्यांच्या उशिराने कंपनीचं काय नुकसान झालं? आणि ग्राहकाचं काय जातं? पुढच्या सगळ्या वर्षांचं संरक्षण.

तारखा हलवता येत नाहीत, हेही खरं नाही. २०२० च्या टाळेबंदीत देशातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनी मोफत सर्व्हिस आणि वॉरंटीच्या मुदती स्वतःहून वाढवल्या, आणि ते योग्यच केलं. मग ज्याच्या घरी आजारपण आलं, ज्याला सेंटरनेच तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली, त्याच्यासाठी स्क्रीनवर एक रकाना का नसावा? भामरागडहून गडचिरोलीला जायचं तर दीडशेहून जास्त किलोमीटर पडतात. अधिकृत सेंटर जिल्ह्याच्या गावी असलं, तर एका शिक्क्यासाठी अख्खा दिवस आणि त्या दिवसाची कमाई जाते. कंपन्यांकडे फिरत्या सर्व्हिस व्हॅन आहेत. त्या व्हॅनमधली तपासणीही वॉरंटीसाठी धरा आणि तसं लेखी सांगा.

आता दुसरा गुद्दा. वॉरंटीच्या नावावर जे विकलं जातं, त्याला.

इंजिन फ्लशिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, रंगावर टेफ्लॉन, खालून अंडरबॉडी कोटिंग. मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत शेवटचं काम उपयोगी पडू शकतं. गाडी तुमची, पैसे तुमचे, जरूर करा. पण मालकाच्या पुस्तिकेतल्या वेळापत्रकात जे छापलेलं नाही, त्याच्यावर वॉरंटी अडवता येत नाही. मागच्या सर्व्हिसला ॲडव्हायजर मला म्हणाला, ''सर, फ्लशिंग नाही केलं तर पुढे वॉरंटीला प्रॉब्लेम येतो.'' मी म्हटलं, हेच वाक्य जॉब कार्डवर लिहा आणि खाली सही करा. त्याने टॅबवर बोट फिरवलं. फ्लशिंगची ओळ गेली, एस्टिमेट तेवढ्याने उतरलं आणि वॉरंटीचा विषय तिथेच संपला. तो पोरगा वाईट नव्हता. त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं, आणि ते ठेवणारे वर एसीत बसतात. माझा राग त्यांच्यावर आहे.

गाडीवाल्यांनाही चार गोष्टी सांगतो, कारण निम्मे क्लेम कागदाअभावी लटकतात, असं सेंटरमधली माणसंच बोलून दाखवतात.

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी सेंटरमध्ये जत्रा असते; तारीख त्या सुमारास येत असेल तर महिनाभर आधी नंबर लावा. बुकिंगचा मेसेज पुसू नका. उशीर सेंटरमुळे झाला, याचा तोच पुरावा. गाडी ताब्यात घेताना जॉब कार्डवर तारीख, किलोमीटर आणि सांगितलेली तक्रार आहे का, हे वाचा. 'आवाज येतो' असं नुसतं तोंडी सांगितलेलं पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही. निघण्यापूर्वी कंपनीच्या नोंदीत सर्व्हिस चढली का, हे समोर दाखवायला लावा. जुनी गाडी घेत असाल तर हीच नोंद आधी मागा, आणि वाढीव वॉरंटी आपल्या नावावर करून घ्या.

अडलं-नडलं म्हणून बाहेरच्या गॅरेजात काम केलंत, तर तेलाचा ग्रेड आणि पार्टचा नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. हॉर्न नाहीतर दिवे बसवताना मूळ वायर कापू देऊ नका. तिथे कंपनीचा नकार रास्त ठरतो. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर हे झिजणारच, ते वॉरंटीत नसतात. उंदराने कुरतडलेली वायर आणि पुराच्या पाण्यात बसलेलं इंजिन हा विम्याचा मामला. इंजिनासाठी तर विम्यातही वेगळं कवच घ्यावं लागतं.

हे सगळं करूनही नकार आला, तर तो लेखी मागा. कोणती अट मोडली आणि तिच्यामुळे हाच पार्ट कसा बिघडला, ही दोन्ही उत्तरं त्या कागदावर हवीत. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कारण घडल्यापासून मुदत २ वर्षांची. करारातली अटच अन्यायाची वाटत असेल, तर त्यासाठी राज्य आयोगाकडे जायचं.

आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याला माझी एकच मागणी आहे. वॉरंटीचा प्रत्येक नकार कारणासह लेखी देणं कंपन्यांवर बंधनकारक करा. कारण लिहावं लागलं की दाराच्या मोटरसाठी इंजिनाच्या तेलाकडे बोट दाखवणं आपोआप बंद होईल. तोवर हे काम आपल्यालाच करायचं आहे: नकाराचा कागद हातात पडेपर्यंत काउंटर सोडू नका.