भाषाबदलू

राजकारणात पक्षबदलू असतात, तसे नेदरलँड्सच्या विद्यापीठांत भाषाबदलू असतात. फरक इतकाच, की पक्षबदलू स्वतःच्या सोयीसाठी उडी मारतो, भाषाबदलू तुमच्या. निदान त्याची समजूत तरी तशीच असते.

विभाग कुठलाही घ्या, हा त्यात असतोच. पन्नाशीचा प्राध्यापक, उंची सहा फुटांच्या वर, भर पावसात सायकल हाणत आलेला, तरी मीटिंगला दोन मिनिटं आधी हजर. बाराच्या ठोक्याला डब्यातून पाव आणि चीज काढणार, सोबत पेलाभर ताक. (हो, ताकच. ते पाहून मला वाटलं होतं, इथे आपलं जमणार.) विविधता समितीवर तो आहेच. आपल्या मजल्यावर किती देशांची माणसं बसतात, हे तो पाहुण्यांना बोटांवर मोजून दाखवतो.

त्याचा कान भयंकर तिखट. रात्रभर जुळवलेलं डच वाक्य घेऊन तुम्ही त्याच्यासमोर उभे राहता. नामाआधी ‘द’ लावायच्या जागी ‘हेत’ पडतं, बस्स. त्याच्या चेहऱ्यावर करुणा पसरते आणि पुढचं सगळं इंग्रजीत. तुम्ही हट्टाने डच चालू ठेवलंत, तर तो त्याहून हट्टाने इंग्रजी चालू ठेवतो. असा सामना आमच्यात एकदा प्रिंटरपाशी बराच वेळ रंगला. सांगायचं इतकंच होतं, की कागद संपलाय. शेवटी ‘तुझं डच किती सुधारलंय!’ अशी शाबासकी मिळाली. तीही इंग्रजीत.

हाच गृहस्थ वार्षिक आढाव्यात काळजीने विचारतो, ‘भाषेचं कुठवर आलं?’ कारण परदेशी शिक्षकाने काही वर्षांत डचची बी-१ किंवा बी-२ पातळी गाठावी, असं तिथली अनेक विद्यापीठं सांगतात. वर्गाची फी आमचा विभाग भरतो. सराव कुणाबरोबर करायचा, ते मात्र कुणी सांगत नाही.

मीटिंगमध्ये त्याची कला खरी बहरते. आठ डच आणि एक मी, म्हणून मीटिंग इंग्रजीत. मी कॉफी आणायला उठले, की दारापर्यंत पोचायच्या आत डच सुरू. हशाही तेव्हाच ऐकू येतो. मी परत आले, की गडी वाक्याच्या मध्यातच सांधा बदलतो. डचमध्ये पोटवाक्याचं क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं, इंग्रजीला ते आधी लागतं; त्यामुळे या गडबडीत त्याचं क्रियापद कधी दोनदा येतं, कधी येतच नाही. अंदाजपत्रक मंजूर झालं की फेटाळलं, हे मला बऱ्याचदा इतिवृत्तातूनच कळतं. झालेल्या विनोदाचं भाषांतर मात्र तो आवर्जून करतो, आणि मी हसेपर्यंत थांबतो.

विभागाच्या ईमेलही तोच लिहितो. वर डचमध्ये चार परिच्छेद, खाली इंग्रजीत चार ओळी. केक कुठे आणि किती वाजता, हे वरच्या परिच्छेदांत असतं. (तिथे वाढदिवस ज्याचा, केक त्यानेच आणायचा.)

कायदा त्याला पाठ. 1992चा उच्चशिक्षण कायदा म्हणतो, शिकवणं आणि परीक्षा डचमध्ये. पण पुढे अपवाद दिलेत, आणि त्या अपवादांवर आख्खे पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीत उभे आहेत. इंग्रजी फार वाढली अशी संसदेत ओरड झाली, की हा हळवा होऊन ‘आमची भाषा जपायला हवी’ म्हणतो. हेही मला इंग्रजीतच. खरं तर डच भाषेला तिथल्या विद्यापीठांत मानाने शिरायलाही वेळ लागला. लॅटिनची सक्ती उठली ती 1876च्या कायद्याने. आजही पीएच.डी.च्या जाहीर परीक्षेत वेळ संपली, की हातात दंड घेतलेला पेडेल, म्हणजे विद्यापीठाचा चोपदार, आत येतो आणि लॅटिनमध्ये ‘होरा एस्ट’ (वेळ झाली) पुकारतो. त्या एका क्षणी सभागृहातले सगळेच सारखे परके असतात. मला फार बरं वाटतं.

माझं डच वाढलं ते सफाईवाल्या बाईंमुळे. त्या मूळच्या मोरोक्कोच्या. विविधतेच्या पाहणीत त्यांना कुणी मोजत नाही, कारण त्या कंत्राटी. माझ्याशी इंग्रजी बोलायची त्यांना ना गरज, ना हौस. चूक तिथल्या तिथे सुधारतात आणि पुढे बोलत राहतात.

हा प्राणी आपल्याकडे नाही असं समजू नका. पुण्यातल्या कुठल्याही संशोधन संस्थेत जा. तमिळ किंवा बंगाली सहकाऱ्याने धीर करून ‘मला चहा पाहिजे’ म्हटलं, की आपण तत्परतेने ‘अरे, आप हिंदी में बोलिए ना’ म्हणून मोकळे. आणि पाच वर्षांनी तक्रार आपलीच, की एवढी वर्षं राहिला, पण मराठीचा एक शब्द येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी असा कुणी भेटला, तर त्याला चहा द्या, साखर किती तेही विचारा, पण मराठीत.